स्टिकर एक, कामं दोन: गेमिंग आणि एडिटिंगसाठी प्रोसेसर निवडताना

जून-जुलैमध्ये प्रवेशाची धावपळ सुरू झाली की लॅपटॉपच्या दुकानांतही गर्दी वाढते. मुलाला इंजिनीअरिंगला किंवा मुलीला ॲनिमेशनच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालेला असतो, घरच्यांनी साठ-सत्तर हजार रुपये बाजूला काढून ठेवलेले असतात आणि काउंटरमागचा विक्रेता सांगत असतो, ‘आय ५ कशाला, आय ७ घ्या; पाच वर्षं बघायला नको.’ मुलांच्या डोक्यात गेम आणि व्हिडिओ एडिटिंग असतं, पालकांच्या डोक्यात अभ्यास. नजर मात्र सगळ्यांची कीबोर्डशेजारच्या छोट्या स्टिकरवर असते. त्यावरचा एकच आकडा पाहून खरेदी होते आणि बऱ्याचदा फसते ती तिथेच.

ही चूक नंतर सुधारता येत नाही. अनेक लॅपटॉपमध्ये रॅम वाढवता येते, एसएसडी बदलता येते. प्रोसेसर मात्र आजच्या जवळपास सर्व लॅपटॉपमध्ये मदरबोर्डवर कायमचा सोल्डर केलेला असतो. म्हणजे दुकानात घेतलेला निर्णय लॅपटॉप असेपर्यंत सोबत राहतो. तो घेण्याआधी दोन गोष्टी समजून घ्यायला हव्यात. आपलं काम कोणत्या प्रकारचं आहे आणि निवडलेला प्रोसेसर त्या लॅपटॉपमध्ये आपला वेग किती वेळ टिकवू शकतो?

वाटून होणारं काम, न होणारं काम

प्रोसेसरमध्ये अनेक ‘कोअर’ असतात. प्रत्येक कोअर म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारा एक हात. पण हात वाढले म्हणून प्रत्येक काम लवकर होतंच असं नाही. पुरणपोळ्यांचा घाट घातला की चार जणी चार पोळपाटांवर बसल्यावर पोळ्या भराभर होतात. पण डाळ शिजल्याशिवाय पुरण वाटता येत नाही आणि पुरण झाल्याशिवाय पोळी लाटता येत नाही. चार जणी कुकरभोवती उभ्या राहिल्या तरी डाळ शिजायचा वेळ कमी होत नाही.

व्हिडिओ एक्सपोर्ट करणं हे पोळ्या लाटण्यासारखं काम आहे. सेकंदाला ३० चित्रं धरली तर दहा मिनिटांच्या व्हिडिओत १८ हजार चित्रं असतात. तो व्हिडिओ फोर-केमध्ये असेल तर प्रत्येक चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके असतात. या प्रचंड कामाचे तुकडे पाडता येतात आणि ते निरनिराळ्या कोअरना वाटून देता येतात. म्हणून तिथे कोअरची संख्या उपयोगी पडते.

गेमचं गणित वेगळं असतं. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्रासाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात खेळणाऱ्याने कोणती कळ दाबली ते पाहायचं, शत्रू कुठे सरकला ते ठरवायचं, गोळी भिंतीला लागली की माणसाला याचा हिशेब करायचा आणि मग ग्राफिक्स चिपला ‘आता हे चित्र काढ’ असा आदेश द्यायचा. यातल्या अनेक पायऱ्या आधीच्या पायरीसाठी अडून राहतात. डाळ शिजायची वाट पाहावी तसंच हे. १४४ हर्ट्झच्या पडद्याचा पुरेपूर उपयोग करायचा तर हा अवधी सात मिलिसेकंदांवर येतो. अशा वेळी सोळा कामचलाऊ हातांपेक्षा सहा-आठ चपळ हात बरे.

संगणकशास्त्रज्ञ जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये हीच मर्यादा मांडली होती. एखाद्या कामाचा ९० टक्के भाग वाटून देता येत असेल तर आठ कोअर लावल्यावर ते आठपट नव्हे, सुमारे ४.७ पट लवकर होतं. कोअर कितीही वाढवले तरी दहापटीच्या पलीकडे जाता येत नाही. कामाचा निम्माच भाग वाटता येत असेल तर आठ कोअर लावूनही वेग दुप्पट होत नाही.

गेमिंगसाठी: आधी ग्राफिक्स, मग प्रोसेसर

गेममधलं चित्र रंगवण्याचं काम ग्राफिक्स चिप करते. त्यामुळे गेमिंग लॅपटॉपसाठी बजेट ठरलेलं असेल तर पैशांवर पहिला हक्क वेगळ्या ग्राफिक्स चिपचा. प्रोसेसरमध्येच सामावलेल्या ग्राफिक्सवर हलके गेम चालतात, पण मोठे आणि तपशीलवार गेम अडखळतात. मग स्टिकरवर आय ७ असो वा आय ९.

याचा अर्थ प्रोसेसर कसाही चालेल असा नाही. ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक’सारख्या स्पर्धात्मक गेममध्ये चित्रं तुलनेने सोपी असतात, पण ती फार वेगाने लागतात. तिथे ग्राफिक्स चिप मोकळी बसते आणि प्रोसेसरच मागे पडतो. अशा गेमसाठी एका कोअरचा वेग आणि ‘कॅश’ या दोन गोष्टी निर्णायक ठरतात. कॅश म्हणजे ओट्यावरचा मिसळणाचा डबा. तिखट-हळद हाताशी असली तर फोडणी झटकन होते. दरवेळी कोठीतून आणायची तर तेल जळतं. एएमडीच्या २०२३ मधल्या रायझन ९ ७९४५एचएक्स आणि ७९४५एचएक्स३डी या दोन प्रोसेसरमध्ये कोअर प्रत्येकी १६ आहेत. पण पहिल्यात मुख्य कॅश ६४ एमबी आणि दुसऱ्यात १२८ एमबी. ही जादा कॅश प्रामुख्याने गेम खेळणाऱ्यांसाठीच दिलेली आहे.

ग्राफिक्स चिप निवडतानाही नावावर विसंबून चालत नाही. एनव्हिडियाची लॅपटॉपसाठीची आरटीएक्स ४०६० ही चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही विजेवर चालवण्याची मुभा लॅपटॉप बनवणाऱ्यांना आहे. त्यामुळे एकाच नावाचे दोन लॅपटॉप गेममध्ये अगदी वेगळे वागू शकतात. तेव्हा चिपच्या नावाबरोबर वॅटचा आकडाही विचारावा.

मल्टिमीडियासाठी: कोअर, मीडिया इंजिन आणि रॅम

‘मल्टिमीडिया’ हा शब्द सैल आहे. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा, थ्रीडी ॲनिमेशन शिकणारी आणि घरी गाणी रेकॉर्ड करणारा या तिघांच्या गरजा एकसारख्या नसतात.

व्हिडिओ एडिटिंगमध्ये कोअर उपयोगी पडतातच, पण त्याहून कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे ‘मीडिया इंजिन’. मोबाइलवरचे व्हिडिओ आता बऱ्याचदा एच.२६५ या पद्धतीने दाबून साठवलेले असतात. ते उलगडून दाखवायला सामान्य कोअरना मोठे कष्ट पडतात. त्यासाठी चिपवर वेगळा भाग असला तर तेच काम सहज आणि थोड्या विजेत होतं. इंटेलने २०११ मध्ये ‘क्विक सिंक’ या नावाने ही सोय प्रोसेसरमध्येच आणली. ॲपलने २०२१ मध्ये एम१ प्रो आणि एम१ मॅक्स या चिपमध्ये व्यावसायिक ‘प्रोरेस’ व्हिडिओसाठी खास इंजिन दिलं. म्हणूनच कागदावर साधा दिसणारा एखादा लॅपटॉप टाइमलाइनवर व्हिडिओ न अडखळता चालवतो आणि जाडजूड यंत्र धापा टाकतं. आपण ज्या प्रकारचे व्हिडिओ वापरतो ते मीडिया इंजिनला उलगडता येतात का आणि आपलं सॉफ्टवेअर ते इंजिन वापरतं का, हे आधी पाहून घ्यावं.

थ्रीडी रेंडरिंग हे वाटून होणाऱ्या कामाचं सर्वांत शुद्ध उदाहरण. प्रोसेसरवर रेंडर करायचं तर जितके कोअर तितकं बरं. पण ‘ब्लेंडर’सारखी सॉफ्टवेअर ग्राफिक्स चिपवरही रेंडर करतात आणि तिथे काम बहुधा आणखी लवकर होतं. संगीताच्या कामात वेगवेगळे ट्रॅक निरनिराळ्या कोअरना वाटता येतात. मात्र एकाच ट्रॅकवर एकापुढे एक लावलेले इफेक्ट क्रमानेच करावे लागतात. त्यामुळे तिथे कोअरची संख्या आणि एका कोअरचा वेग या दोन्हींचा समतोल लागतो.

या सगळ्यांना रॅम भरपूर लागते. एडिटिंगसाठी १६ जीबी ही आज किमान गरज मानावी. फोर-के व्हिडिओ नियमित हाताळायचा असेल तर ३२ जीबी. पडद्याकडेही लक्ष हवं. स्वस्त गेमिंग लॅपटॉपचा पडदा वेगवान असतो, पण रंग फिके दाखवतो. माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं दिसलं तर तो पडदा रंगांच्या कामासाठी नाही असं समजावं. एडिटिंगसाठी ‘१०० टक्के एसआरजीबी’च्या जवळचा पडदा हवा.

खरी मर्यादा उष्णतेची

लॅपटॉपमध्ये प्रोसेसरचा वेग अखेर उष्णतेवर येऊन अडतो. ट्रान्झिस्टर लहान होत जातील तशी त्यांची विजेची गरजही त्याच प्रमाणात घटेल, असं रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडलं होतं. साधारण तीन दशकं ते खरं ठरलं. २००५ च्या आसपास हा नियम ढिला पडला. त्याच सुमारास, २००४ मध्ये, इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ची योजना सोडून दिली. नुसता वेग वाढवत नेला तर चिप थंड ठेवणं अवघड होतं. तेव्हापासून कंपन्या कोअर वाढवण्याकडे वळल्या.

स्टिकर कसा चकवतो ते इंटेलच्या दोन प्रोसेसरवरून कळेल. कोअर आय ७-१३५५यू मध्ये दहा कोअर आहेत, कमाल वेग ५ गिगाहर्ट्झ आणि मूळ विजेची मर्यादा १५ वॅट. कोअर आय ५-१३५००एच मध्ये बारा कोअर आहेत, कमाल वेग ४.७ गिगाहर्ट्झ आणि मूळ मर्यादा ४५ वॅट. वेबपान उघडण्यासारख्या क्षणभराच्या कामात आय ७ चपळ वाटेल. पण अर्धा तास चालणाऱ्या एक्सपोर्टमध्ये तिप्पट वीज पचवू शकणारा आय ५ पुढे निघून जातो. शंभर मीटर धावणं वेगळं आणि पंढरीची वाट चालणं वेगळं.

तापमान ठरावीक मर्यादेवर गेलं की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. इंटेलच्या अनेक लॅपटॉप प्रोसेसरसाठी ही मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो, त्यामुळे नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात हा टप्पा लवकर येतो. पंखा नसलेले पातळ लॅपटॉप शांत असतात, पण लांबलचक रेंडरिंगला त्यांचा दम पुरत नाही.

ही उष्णता शरीरालाही लागते. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या डॉक्टरांनी २०१० मध्ये ‘पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात एका बारा वर्षांच्या मुलाची नोंद प्रसिद्ध केली होती. तो काही महिने रोज काही तास लॅपटॉप मांडीवर ठेवून गेम खेळत असे आणि त्याच्या डाव्या मांडीवर जाळीसारखा तपकिरी डाग उमटला होता. शेगडीजवळ सतत बसणाऱ्यांना होणारा हा जुनाच त्वचाविकार. त्वचा भाजत नाही, पण रोजच्या मंद उष्णतेने तिचा रंग बदलतो. म्हणून गेम असो वा रेंडरिंग, लॅपटॉप टेबलावरच हवा. गादीवर किंवा रजईवर ठेवला तर हवेच्या फटी बुजतात. यंत्रही तापतं आणि मांडीही.

बॅटरीचा हिशेबही इथेच करावा. मोठी, ९० वॅट-तासांची बॅटरी असली आणि खेळताना लॅपटॉप १५० वॅट खेचत असला तर ती ३६ मिनिटांत संपेल. त्यामुळे बॅटरीवर असताना गेमिंग लॅपटॉप वेग आवरतो. रेल्वेत बसून एडिटिंग करणाऱ्याने हे लक्षात घ्यावं.

नाव पूर्ण वाचा

प्रोसेसरच्या नावातला महत्त्वाचा भाग बहुधा शेवटी असतो. इंटेलच्या अलीकडच्या पिढ्यांत ‘यू’ म्हणजे साधारण १५ वॅटचा, बॅटरी जपणारा. ‘एच’ म्हणजे ४५ वॅटचा. ‘एचएक्स’ म्हणजे ५५ वॅटचा, सर्वांत दणकट. २०२३ च्या अखेरीस इंटेलने ‘आय’ वगळून ‘कोअर अल्ट्रा’ ही नावं आणली, पण शेवटचं अक्षर तिथेही पाहावंच. एएमडीच्या २०२३ च्या नावांत तिसरा अंक पिढी सांगतो. रायझन ५ ७५२०यू हा ७००० मालिकेतला म्हणून नवा वाटतो. पण त्यातला तिसरा अंक २ आहे, म्हणजे आतली रचना २०१९ मध्ये आलेल्या ‘झेन २’ची, आणि कोअर चारच. रायझन ५ ७६४०एचएस मध्ये तोच अंक ४ आहे आणि कोअर सहा. दोन्हींच्या स्टिकरवर ‘रायझन ५’ असतं.

मुख्यतः गेम खेळायचे असतील तर ‘एच’ वर्गातला सहा ते आठ चपळ कोअरचा प्रोसेसर पुरे; उरलेले पैसे ग्राफिक्स चिपवर घालावेत. मुख्यतः एडिटिंग करायचं असेल तर अधिक कोअर, चांगलं मीडिया इंजिन, १६ किंवा ३२ जीबी रॅम आणि खरे रंग दाखवणारा पडदा. ॲनिमेशनच्या विद्यार्थ्याला दोन्ही हवं असतं. त्याला ‘एच’ प्रोसेसर आणि वेगळी ग्राफिक्स चिप असलेला लॅपटॉप सोयीचा, पण त्याचं वजन आणि पंख्याचा आवाज गृहीत धरावा. आणि ऑनलाइन तास, प्रोजेक्टचं लिखाण, अधूनमधून रील एवढंच काम असेल तर ‘यू’ वर्गातला प्रोसेसर भरपूर झाला.

दुकानात पैसे देण्यापूर्वी प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, ग्राफिक्स चिपचे वॅट, रॅम वाढवायला जागा आहे की नाही आणि पडद्याचा रंगांचा आकडा, या चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. घरी येऊन त्याच मॉडेलच्या, किमान अर्धा तास चालवलेल्या चाचण्या पाहाव्यात आणि खरेदी दुसऱ्या दिवशी करावी. ८ जीबी रॅमचा ‘यू’ वर्गातला आय ७ आणि १६ जीबी रॅमचा ‘एच’ वर्गातला आय ५ एकाच किमतीला समोर आले, तर गेम आणि एडिटिंग या दोन्ही कामांना दुसराच जास्त वर्षं साथ देईल.