कर लावण्याचा अधिकार कोणाचा? अमेरिकेतील लोकशाहीचे इंग्रजी मूळ आणि आपला मध्य प्रांत

खास प्रतिनिधी

गोंदिया : नगर परिषदेकडून दरवर्षी घरोघरी मालमत्ता कराची देयके येतात. किती रक्कम भरावयाची, हे त्यावर नमूद असते. परंतु हा कर लावण्याचा अधिकार मुळात कोणाचा, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. २०२२ नंतर गोंदियासह राज्यातील अनेक नगर परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि सभागृहाचे अधिकार प्रशासकांकडे गेले. डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झाले. तोपर्यंत नागरिक कर भरत राहिले, मात्र त्या कराचा जाब विचारणारा त्यांचा नगरसेवक सभागृहात नव्हता.

याच प्रश्नावरून इंग्लंडमध्ये राजा व प्रजा यांच्यात झगडा झाला आणि अमेरिकेत क्रांती घडली. गोंदिया ज्या मध्य प्रांतात होते, त्याच्या नागपूर येथील कायदे मंडळातही १९२४ मध्ये हाच वाद पेटला होता. त्यामुळे अमेरिकी लोकशाहीची जन्मकथा आपल्यालाही वाटते तितकी परकी नाही.

राजाला घातलेली मर्यादा

इंग्लंडमधील सरदारांनी १२१५ मध्ये जॉन राजाकडून ‘मॅग्ना कार्टा’ ही सनद मिळविली. राज्याच्या सभेची संमती घेतल्यावाचून काही कर राजाने लादू नयेत, अशी एक अट तीत होती. ही सनद सामान्य जनतेसाठी नव्हती; सरदारांनी आपले हित पाहिले होते. तथापि ‘संमतीवाचून कर नाही’ हे तत्त्व रुजले. १६८९ च्या हक्कांच्या कायद्याने संसदेच्या मंजुरीशिवाय राजाने पैसा उभारणे बेकायदा ठरविले.

अमेरिकेत गेलेल्या वसाहतवाल्यांनी हे तत्त्व आपल्यासोबत नेले. व्हर्जिनियाची वसाहत स्थापणाऱ्या व्यापारी कंपनीला १६०६ मध्ये राजाची सनद मिळाली. तेथे राहणाऱ्यांना व त्यांच्या मुलांना इंग्लंडमध्ये जन्मलेल्या प्रजेचेच हक्क राहतील, असे तीत लिहिले होते. ३० जुलै १६१९ रोजी जेम्सटाउन येथील चर्चमध्ये वसाहतीची पहिली प्रतिनिधी सभा भरली. अकरा वस्त्यांतून २२ प्रतिनिधी आले होते. सभेच्या अधिकाराशिवाय गव्हर्नरने कर लावू नये, असा कायदा तिने १६२४ मध्ये केला.

पुढे वसाहतींच्या सभांनी तिजोरीचा उपयोग शस्त्रासारखा केला. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर विल्यम बर्नेट यांना कायमस्वरूपी वेतन द्यावे, असा आग्रह लंडनने १७२८ मध्ये धरला. सभेने तो फेटाळला. अनुदान आम्ही वेळोवेळी देऊ, कायमचे वेतन बांधून देणार नाही, ही तिची भूमिका होती. गव्हर्नर वेतनासाठी सभेवर अवलंबून राहिला, तरच तो तिचे ऐकेल, हे त्यामागचे साधे गणित होते.

१७६५ मध्ये ब्रिटिश संसदेने मुद्रांक कर लादला, तेव्हा ‘प्रतिनिधित्व नाही, तर कर नाही’ ही घोषणा घुमली. पुढील वर्षी तो कर रद्द करावा लागला. पण वाद मिटला नाही आणि १७७६ मध्ये वसाहतींनी स्वातंत्र्य जाहीर केले. १७८७ च्या राज्यघटनेने महसुलाची विधेयके लोकप्रतिनिधींच्या सभागृहातच प्रथम मांडली जावीत, असे ठरविले.

एकच राजसत्ता, दोन न्याय

ज्या १७६५ साली अमेरिकेत मुद्रांक करावरून उठाव झाला, त्याच वर्षी मोगल बादशहाने ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा अधिकार दिला. तेथील रयतेची संमती कोणी विचारली नाही. या कंपनीलाही १६०० मध्ये इंग्लंडच्या राजसत्तेकडूनच सनद मिळाली होती. फरक एवढाच, की अमेरिकेतील वसाहतवाले इंग्रज होते आणि येथील जनता जिंकलेली होती.

अमेरिकेतील लोकशाहीही निर्दोष नव्हती. पहिली सभा भरली त्याच १६१९ साली आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे व्हर्जिनियात उतरविली गेली. गुलाम, मूलनिवासी आणि स्त्रिया यांना ‘प्रतिनिधित्वा’त स्थान नव्हते.

नागपूरचा धडा

नागपूरचे भोसले संस्थान १८५४ मध्ये खालसा झाले व १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्याचा भाग होते. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर स्थानिक स्वराज्य संस्थांना चालना मिळाली. १९१९ च्या सुधारणांनी शिक्षण, आरोग्य यांसारखी काही खाती भारतीय मंत्र्यांकडे आली. मतदानाचा हक्क मात्र मूठभरांनाच मिळाला.

१९२३ च्या निवडणुकीत मध्य प्रांतात स्वराज्य पक्षाला बहुमत मिळाले. पक्षाने मंत्रिपदे नाकारली आणि १९२४ मध्ये मंत्र्यांचे वेतन वर्षाला अवघे दोन रुपये केले. मॅसॅच्युसेट्सच्या सभेने सुमारे दोनशे वर्षांपूर्वी वापरलेलेच हे हत्यार होते. परंतु गव्हर्नरच्या हाती विशेषाधिकार असल्याने त्यांनी ती खाती स्वतःकडे घेतली. सभागृह नकार देऊ शकत होते, मात्र त्या नकाराने सरकार बदलत नव्हते. ही उणीव स्वातंत्र्यानंतरच पूर्णपणे दूर झाली.

घटनेत उमटलेले तत्त्व

कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रबंधाचा विषय ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्था हा होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी अमेरिकी व ब्रिटिश पद्धतींची तुलना केली. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य अधिक, तर संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक. मसुद्याने जबाबदारीला पसंती दिली, असे त्यांनी स्पष्ट केले. कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर लावता येणार नाही, असे आपल्या घटनेचा अनुच्छेद २६५ सांगतो.

१९५४ च्या भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. आंबेडकर पराभूत झाले. त्याच पोटनिवडणुकीत विजयी झालेले अशोक मेहता पुढे पंचायत राज्याचा आढावा घेणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाले. समितीचा अहवाल १९७८ मध्ये आला. नगर परिषदांची निवडणूक पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वीच झाली पाहिजे, हे बंधन ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून घातले.

तरीही निवडणुका काही वर्षे रखडल्या आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. तत्त्व घटनेत लिहिले म्हणजे ते आपोआप पाळले जाते असे नाही, हाच याचा अर्थ. आता सभागृहे पुन्हा अस्तित्वात आली आहेत. करांचे दर ठरविणाऱ्या आणि अंदाजपत्रक मंजूर करणाऱ्या सभेत आपल्या प्रभागाचा नगरसेवक काय बोलला, याची चौकशी करणे हा करदात्याचा हक्क आहे. हाच हक्क मिळविण्यासाठी इतरांना शतके झगडावे लागले.