एवढ्याशा खोलीत ऑफिस!

दोस्तांनो, समजा, तुम्ही आठ जणांनी शाळेचं हस्तलिखित काढायचं ठरवलंत. २६ जानेवारीला अंक निघायलाच हवा. बाईंनी जिन्याखालची अडगळीची खोली दिली, दहा फूट बाय दहा फूट! खिशात जेमतेम पाचशे रुपये. आता? लेखक एका कोपऱ्यात, चित्रकार दुसऱ्या कोपऱ्यात, असं झालं तर लेख मांजराचा आणि चित्र हत्तीचं व्हायचं!

नाक मुरडू नका हं. अमेरिकेत एम. आय. टी. नावाची नामांकित संस्था आहे. तिथे दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४३ साली, रडारच्या संशोधनासाठी घाईघाईनं एक तीन मजली लाकडी इमारत उभारली. तिला म्हणत 'बिल्डिंग २०'. युद्ध संपलं की पाडायची, असं ठरलेलं. उन्हाळ्यात ती तापायची, थंडीत गारठायची. पण गंमत पाहा, ही 'तात्पुरती' इमारत १९९८ पर्यंत, म्हणजे तब्बल ५५ वर्षं वापरात होती!

का बरं? कारण तिला कुणी जपायचंच नाही! वायर न्यायची? भिंतीला भोक पाडा. जागा अपुरी पडते? मधली भिंतच काढा. जेरॉल्ड झकारायस या शास्त्रज्ञांना अणुघड्याळासाठी उंची हवी होती, तर त्यांनी वरचे मजले कापून काढले! एकाच छपराखाली भाषेचे अभ्यासक, इंजिनिअर आणि खेळण्यातल्या आगगाड्यांचा क्लबसुद्धा. लांबच लांब बोळांतून जाता-येता माणसं भेटायची, बोलायची.

त्याच संस्थेतल्या थॉमस ॲलन यांनी पुढे मोजून पाहिलं, की दोघांच्या टेबलांतलं अंतर वाढत गेलं की बोलणं झपाट्यानं कमी होतं. तुमची खोली लहान आहे ना? मग निम्मं काम झालंच की!

आता टेबल. एखादं जुनं, सपाट दार मिळतंय का बघा. ॲमेझॉन कंपनीच्या सुरुवातीच्या दिवसांत जेफ बेझोस यांनी दारांना पाय ठोकूनच टेबलं केली होती, कारण टेबलापेक्षा दार स्वस्त! सात फूट बाय तीन फुटांचं दार दोन मजबूत खोक्यांवर ठेवा. त्याची एक अरुंद बाजू भिंतीला टेकवा. दोन्ही लांब बाजूंना तीन-तीन जण समोरासमोर बसतील. कात्री, डिंक, रंग यांचा एकच डबा मधोमध. संपादकांना वेगळी खुर्ची मुळीच नको!

उरले दोघं. शुद्धलेखन तपासणाऱ्याला शांतता लागते आणि चित्रकाराला उजेड. त्यांना दाराजवळ, पाठ गोंगाटाकडे करून बसवा. सारखं बोलूनही काम होत नाही, हे माझी चौथीची मुलं मला रोज शिकवतात. जिन्याचं छत जिथे उतरतं, तिथे डोकं आपटतं. ती जागा कागदांच्या गठ्ठ्यांना. भिंतीवर सुतळी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी पानं टांगा, म्हणजे कुणाचं किती झालं ते सगळ्यांना दिसेल. आणि पैसे रंगावर उधळू नका. आधी चांगला दिवा घ्या, उरले तर चुना.

काही हलवण्याआधी चौकटीच्या कागदावर नकाशा काढा. एक चौकट म्हणजे एक फूट. टेबलाचा तुकडा कापून तो सरकवून पाहा. आणि हो, खोलीचं दार आत उघडतं की बाहेर, तेही त्यात दाखवा बरं का!