कोळंबीचे टरफल आणि जनुक-औषध : 'नैसर्गिक' या शब्दावर माल घेऊ नका

कोळंबी सोलणाऱ्या कारखान्यात मालाचे जवळपास निम्मे वजन डोकी व टरफले म्हणून बाजूला पडते. या टरफलातून कायटोसान निघते. पातळ आम्लाने चुना काढायचा, पातळ कॉस्टिक सोड्याने प्रथिने काढायची आणि उरलेला माल तीव्र कॉस्टिकमध्ये तापवायचा, अशी ही रीत आहे. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने ती उद्योजकांसाठी तयार केली.

कापडवाल्यांना कायटोसान अपरिचित नाही. त्यावर धन विद्युतभार असल्यामुळे सुती कापड रंग जास्त ओढते. जनुकांचा धागा, म्हणजे डीएनए, ऋण भाराचा असतो. म्हणून तो कायटोसानला चिकटतो व दोघांचे बारीक गाठोडे बनते. हे गाठोडे पेशीत पोहोचवून आजार बरा करावा, हा शास्त्रज्ञांचा प्रयत्न आहे.

त्याची गरज का पडली? जनुके पोहोचवायला विषाणू वापरत. सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेत अशाच चाचणीत जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा तरुण दगावला. त्याच वर्षी कायटोसानमधून तोंडावाटे डीएनए देऊन उंदरांना शेंगदाण्याच्या ॲलर्जीपासून संरक्षण मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. साहजिकच आशा वाढली.

पण परिणामाच्या बाबतीत हा माल कमी पडतो. कायटोसान आम्लात विरघळते. रक्तात आम्लता नसल्याने त्याचा भार उतरतो. गाठोडे कधी सैल पडते, कधी एवढे घट्ट की पेशीत पोहोचूनही उघडत नाही. पॉलिएथिलीनिमाइन हे कृत्रिम पॉलिमर जास्त परिणामकारक आहे, मात्र ते पेशींना मारते. २०२० मध्ये कोविडच्या एम-आरएनए लसींनी स्निग्ध कणांचा मार्ग पत्करला. तरी कायटोसान मागे पडलेले नाही. कॅनडाच्या एनजीन कंपनीने त्यात रासायनिक बदल करून मूत्राशयाच्या कर्करोगावरील औषध माणसांवरील चाचण्यांपर्यंत नेले आहे.

सुरक्षिततेचा हिशेबही नीट समजून घ्यावा. जखमेच्या पट्टीत कायटोसान चालते, म्हणून ते रक्तातही चालेल असे नाही. धन भाराचे कण रक्तपेशींना चिकटून गुठळ्या करू शकतात. टरफलातील प्रथिने शिल्लक राहिली, तर कोळंबीची ॲलर्जी असलेल्याला धोका. जिवाणूंचे विष राहिले, तर ताप व सूज.

सुतात काउंट, तसे कायटोसानमध्ये रेणूंची लांबी आणि कॉस्टिकची प्रक्रिया किती पूर्ण झाली याचे प्रमाण पाहतात. हे आकडे बदलले की भार, विरघळणे आणि परिणाम, सारेच बदलते. टरफल निसर्गाचे असले तरी दर्जा कारखान्यातच ठरतो.

या धंद्यात उतरू पाहणाऱ्या तरुणांना एवढेच सांगणे आहे. खत, पाणी-शुद्धी आणि कापडासाठीचा माल वेगळा, औषधाचा वेगळा. प्रत्येक लॉटचा प्रयोगशाळेचा दाखला हातात असल्याशिवाय औषधी दर्जाचा शब्द कोणाला देऊ नका. कापडाचा रंग उतरला तर ठाण परत घेता येते; सुईतून शरीरात गेलेला माल परत घेता येत नाही.