स्वयंपाकघरातील पिवळेपणा : भिंतीचा, दिव्याचा की डोळ्यांचा?

चतुर्थी जवळ आली की आपल्या सिंधुदुर्गात घरोघरी रंगाचे डबे उघडतात. मुंबईचे चाकरमानी येण्यापूर्वी घर उजळावे, ही इच्छा स्वाभाविकच. काही वर्षांपूर्वी अशाच दिवसांत रक्तदाब तपासून घेण्यासाठी आलेल्या पंचाहत्तरीच्या एका आजींनी माझ्याकडे वेगळीच तक्रार केली. “डॉक्टरानू, रांदपाच्या खोलयेक पांढरो रंग दिलो, तरी भिंत माका पिवळीच दिसता.” मुलाने दोन वर्षांत दोनदा रंग काढून दिला होता आणि आता तो रंगाऱ्यावर चिडला होता. मी आजींना खिडकीपाशी बसवून डोळ्यांत विजेरीचा प्रकाश टाकला. दोन्ही बाहुल्यांमागे तपकिरी छटेचा पिकलेला मोतीबिंदू दिसत होता. भिंत पांढरीच होती.

स्वयंपाकघर पिवळट दिसू लागले की आपण प्रथम रंगाच्या दुकानात जातो. माझ्या अनुभवाने हा क्रम उलटा आहे. पिवळेपणाची तीन उगमस्थाने असतात : पाहणाऱ्याचा डोळा, खोलीतला दिवा आणि भिंत. याच क्रमाने त्यांचा शोध घेतला, तर पैसे वाचतातच. शिवाय एखादा आजार किंवा अपघातही वेळीच टळतो.

त्यासाठी एक साधी परीक्षा करावी. एक कोरा पांढरा कागद घेऊन वृद्ध व्यक्ती आणि घरातील एखादी तरुण व्यक्ती, दोघांनीही तो आधी दुपारी खळ्यात उजेडात पाहावा. मग तोच कागद रात्री स्वयंपाकघरात, भिंतीला लावून, दिव्याखाली पाहावा. खळ्यातही तो तरुणाला पांढरा आणि वृद्धाला पिवळट दिसला, तर दोष डोळ्याकडे असण्याची शक्यता अधिक. खळ्यात दोघांनाही पांढरा, पण दिव्याखाली दोघांनाही पिवळा दिसला, तर दिवा बदलावा. कागद पांढरा आणि त्यामागची भिंत पिवळी दिसली, तरच रंगाऱ्याला निरोप धाडावा. मात्र डोळ्यांत हळूहळू झालेला बदल स्वतःच्या लक्षात येतोच असे नाही. म्हणून साठीनंतर वर्षातून एकदा नेत्रतपासणी करावीच.

वयाबरोबर डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते. ते निळा प्रकाश अडवते आणि एकूण उजेडही कमी करते. साठीतील व्यक्तीच्या नेत्रपटलापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीतील व्यक्तीच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच असतो. परिणामी गडद निळा आणि काळा, निळा आणि हिरवा, पांढरा आणि फिकट पिवळा यांतील भेद पुसट होतो. गॅसची निळी ज्योत उजेडात दिसत नाही, आणि निळ्या गोळीऐवजी हिरवी घेतली जाते. फ्रान्सचे विख्यात चित्रकार क्लोद मोने यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत गेला, तशी त्यांच्या चित्रांत पिवळट-तांबूस छटा दाटत गेली. १९२३ मध्ये त्यांच्या उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. रंगांत आयुष्य घालवलेल्या माणसालाही डोळा फसवू शकतो, तर आपल्या आजींना दोष कसा द्यावा?

येथे एक महत्त्वाची सूचना. हृदयविकारासाठी डिगॉक्सिन ही गोळी घेणाऱ्या व्यक्तीला अचानक सर्व काही पिवळे किंवा पिवळट-हिरवे दिसू लागले, त्यासोबत मळमळ, अन्नावर वासना नसणे किंवा नाडीचे ठोके अनियमित होणे अशी लक्षणे असली, तर शरीरात त्या औषधाची मात्रा वाढल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी पुढची गोळी देण्यापूर्वी, त्याच दिवशी, डॉक्टरांशी संपर्क साधावा.

आता दिव्याकडे वळू. कावीळ झालेल्याला सगळे जग पिवळे दिसते, अशी म्हण आपल्याकडे आहे. वैद्यकीयदृष्ट्या तसे सहसा घडत नाही. रुग्णाला जग नेहमीसारखेच दिसते. पिवळे होतात ते त्याच्या डोळ्यांतील पांढरे भाग. मात्र पिवळ्या दिव्याखाली हा पिवळेपणा पाहणाऱ्याच्या नजरेतून निसटतो. लावणीच्या दिवसांत एक शेतकरी गृहस्थ तापाने आजारी होते. पत्नी तीन दिवस चुलीजवळच्या मंद पिवळ्या दिव्याखाली त्यांना पेज भरवत होती. चौथ्या दिवशी सकाळी खळ्यात आणून बसवल्यावर शेजाऱ्याला त्यांचे डोळे हळदीसारखे दिसले. तो लेप्टोस्पायरोसिस निघाला. उपचार मिळाले आणि ते बरे झाले. पण हाती असलेले दोन दिवस वाया गेले होते. आपल्या जिल्ह्यात पावसाळ्यात चिखलात काम करणाऱ्या माणसाला ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना आणि डोळ्यांना लाली आली, तर पिवळेपणाची वाट न पाहता दवाखाना गाठावा. घरी डोळे तपासायचे झाल्यास ते दिवसाच्या उजेडातच तपासावेत.

एलईडी दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. २७०० ते ३००० केल्विनचा प्रकाश पिवळसर, ४००० च्या आसपासचा तटस्थ पांढरा आणि ६५०० चा निळसर पांढरा असतो. वृद्धांच्या स्वयंपाकघरासाठी ४००० केल्विनचा दिवा मला योग्य वाटतो. निळसर प्रकाश मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना दिपवतो. खोक्यावर ‘सीआरआय’ हा आकडाही असला, तर तो ९० किंवा त्याहून अधिक असलेला दिवा निवडावा. त्यात रंग खरे दिसतात. छताच्या मध्यभागी असलेल्या एकाच दिव्यामुळे काम करणाऱ्याची सावली त्याच्याच हातांवर पडते. म्हणून ओट्याच्या वरच्या बाजूस, डोळ्यांत प्रकाश न जाईल असा आणखी एक दिवा लावावा. झोपण्याच्या खोलीत मात्र पिवळसर मंद दिवाच बरा. रात्रीचा निळसर प्रकाश झोपेत व्यत्यय आणतो.

शेवटी भिंत. मासळी तळताना उडणारी तेलाची वाफ भिंतीवर बसते, तिच्यावर धूळ आणि धूर चिकटतो आणि चिकट पिवळा थर तयार होतो. गॅसची ज्योत निळीऐवजी पिवळी जळत असेल, तर इंधन नीट जळत नाही. भांडी काळी होणे, काजळी वाढणे आणि बंद खोलीत घातक कार्बन मोनॉक्साइड वायू साठणे, असे त्याचे परिणाम होतात. म्हणून बर्नर स्वच्छ करून घ्यावा आणि खिडकी उघडी ठेवावी. भिंत धुताना कोमट पाण्यात भांड्यांचा साबण किंवा थोडा धुण्याचा सोडा घालून, हातमोजे घालून पुसावी. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा शौचालयाचे द्रावण कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. आणि स्टुलावर चढण्याचे काम तरुणांकडे सोपवावे. मोडलेले खुबे पाहून पाहून मी हे सांगतो आहे.

रंग द्यायचाच असेल, तर मोसमाचे भान ठेवावे. चतुर्थीच्या तोंडावर, भर पावसात ओल्या भिंतीवर दिलेला रंग फुगतो, बुरशी वर येते आणि पुन्हा पिवळे-काळे डाग दिसू लागतात. चतुर्थीसाठीचे रंगकाम एप्रिल-मेमध्ये, भिंत कोरडी असतानाच उरकावे. आधी ओल कोठून येते ते शोधावे. तैलरंग अंधाऱ्या जागी आपोआप पिवळा पडतो. कपाट सरकवले की मागे त्याचा पिवळा चौकोन दिसतो. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक इमल्शन रंग त्या मानाने पांढरा राहतो. ‘क्रीम’, ‘आयव्हरी’, ‘बदामी’ या छटांत मुळातच पिवळा असतो, त्यामुळे त्याऐवजी किंचित राखाडी किंवा निळसर झाक असलेला पांढरा घ्यावा. यात नवीन काही नाही. आपल्या किनाऱ्यावर शिंपल्या भाजून केलेल्या चुन्यात जुनी माणसे नीळ घालत, ती पिवळेपणा मारण्यासाठीच. नमुना दुकानात पसंत न करता भिंतीवर हातभर पट्टा ओढून सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली पाहावा. माडाच्या बागेतून येणारा उजेड हिरवट असतो आणि जांभ्याच्या अंगणावरून परावर्तित होणारा तांबूस. त्यांनी रंगाची छटा बदलते. चकचकीत रंगापेक्षा कमी चमकीचा, धुता येईल असा रंग निवडावा.

मात्र पिवळेपणा घालवण्याच्या नादात सगळेच पांढरे करू नये. पांढरी भिंत, पांढरा ओटा आणि पांढरी बशी, यांच्या कडा वृद्धांना वेगळ्या दिसत नाहीत. ओट्याच्या कडेला गडद पट्टी आणि भातासाठी रंगीत ताट असावे. काळ्या ओट्यावर काळ्या मुठीची सुरी ठेवू नये. गडद फरशीच्या पायरीच्या कडेला तर पिवळाच पट्टा ओढावा. तेथे तो उपकारक ठरतो.

त्या आजींच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्या दोन्ही डोळे आळीपाळीने झाकून पाहत होत्या. एका डोळ्याची भिंत पांढरीशुभ्र, दुसऱ्याची हळदीची, असे त्यांनी आश्चर्याने सांगितले. पुढे दुसराही डोळा झाला. नंतरच्या भेटीत मुलगा हसत म्हणाला, “डॉक्टर, आता आईला गॅसच्या मागचा तेलकटपणा दिसायला लागलाय. रोज पुसायला लावते.” रंगाऱ्याला मात्र त्यानंतर त्यांनी बोलावले नाही.