पदवी हाती आहे, पण केलेले काम कुठे आहे?

कंधार, लोहा, मुखेड भागातील आपल्या समाजाची मुले-मुली आज नांदेड, लातूर, पुण्याला संगणकशास्त्र शिकत आहेत. शेवटचे वर्ष आले की ती एकच प्रश्न विचारतात : पोर्टफोलिओ नसेल तर सॉफ्टवेअरची नोकरी लागत नाही, हे खरे काय? पोर्टफोलिओ म्हणजे आपण स्वतः तयार केलेले प्रोग्रॅम दुसऱ्याला पाहता येतील अशा रीतीने मांडून ठेवणे.

आमचे उत्तर असे, की तो सक्तीचा नाही. मोठ्या कंपन्या नवशिक्यांना मुख्यतः लेखी परीक्षा आणि मुलाखत घेऊनच निवडतात. तेथे गणित, तर्क आणि प्रोग्रॅमिंगचा सराव कामी येतो. परंतु ज्यांच्या महाविद्यालयात कंपन्या येत नाहीत, ज्यांचा मामा-काका पुण्याच्या कंपनीत नाही, त्यांचा अर्ज शेकडो अर्जांच्या ढिगात पडतो. आपली बहुतेक मुले याच ढिगात आहेत.

त्यातही आडनाव आडवे येते. डॉ. सुखदेव थोरात व पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवून पाहिले. पात्रता सारखी असूनही दलित नावाच्या अर्जांना बोलावणे कमी आले. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. खासगी कंपन्यांत राखीव जागाही नाहीत. पोर्टफोलिओवरही नाव असतेच, तेव्हा त्याने जातीयता संपेल असे आम्ही म्हणणार नाही. मात्र मुलाखतीत "हे मी केले, असे केले" हे सांगायला हाती पुरावा असतो.

त्यासाठी वीस कामे नकोत. नक्कल न केलेली, पूर्ण झालेली दोन-तीन पुरेत. विहाराच्या ग्रंथालयाची पुस्तक-नोंद, भीमजयंतीच्या वर्गणीचा हिशेब, बाजार समितीतील सोयाबीनच्या भावाची रोजची नोंद, असे आपल्याच गावचे काम निवडावे. ते २००८ साली सुरू झालेल्या गिटहबवर विनामूल्य ठेवता येते. सोबत हे काम कशासाठी केले, काय अडले, ते कसे सोडवले, हे साध्या शब्दांत लिहावे. लोकांची नावे व फोन नंबर मात्र उघड ठेवू नयेत.

पण ज्याच्या घरी संगणक नाही, जी मुलगी कॉलेजहून येऊन स्वयंपाकाला लागते, त्यांनी हे कधी करावे? येथे पालकांची व समाजाची जबाबदारी सुरू होते. मुलीला रोज दोन तास मोकळे द्या. विहारात एक संगणक ठेवा. नोकरीला लागलेल्या बंधू-भगिनींनी महिन्यातून एक रविवार काढून या मुलांचे काम तपासावे, चुका दाखवाव्यात. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९५० साली मराठवाड्यात औरंगाबादला महाविद्यालय उघडले, म्हणून आपण येथवर आलो. मागून येणाऱ्यांसाठी एक रविवार देणे आपल्याला जड जाऊ नये.

जय भीम!