खून वाढले की घटले?

भारतातले खुनांचे प्रमाण गेल्या तीस वर्षांत निम्म्याखाली आले आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत १९९२ साली ४०,१०५ खुनांची नोंद आहे, म्हणजे लाख लोकसंख्येमागे साधारण ४.६. २०२२ मध्ये गुन्हे २८,५२२ आणि प्रमाण २.१. ‘पूर्वी असे नव्हते’ म्हणणाऱ्यांसाठी १९५३ चा आकडाही आहे: प्रमाण २.६ च्या आसपास. २०२१ ची जागतिक सरासरी ५.८ होती. खून वाढल्याची समजूत टिकते, ती बहुधा बातम्या वाढल्यामुळे.

दुसरा गैरसमज राज्यांच्या यादीतून होतो. २०२२ मध्ये उत्तर प्रदेशात ३,४९१ खून नोंदले गेले, महाराष्ट्रात २,२९५. लोकसंख्येने भागल्यावर मात्र क्रम उलटतो: उत्तर प्रदेश १.५, महाराष्ट्र १.८.

छोट्या गावाला तर दरही फसवतो. आंजर्ल्यासारख्या दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावाची वस्ती हिशेबापुरती पाच हजार धरली, तर राज्याच्या दराने तिथे सुमारे अकरा वर्षांत एक खून अपेक्षित ठरतो. तो ज्या वर्षी घडेल, त्या वर्षी गावाचा दर लाखामागे वीस होईल. उरलेली दहा वर्षे शून्य. एवढ्यावरून गाव बिघडले किंवा सुधारले, असे काहीच म्हणता येत नाही. जिल्ह्याचे आकडेही म्हणूनच अनेक वर्षांचे एकत्र पाहावे लागतात.

खुनी म्हणजे अंधारात गाठणारा अनोळखी दरोडेखोर, हे चित्रही आकड्यांशी जुळत नाही. २०२२ मध्ये ९,९६२ खुनांचे कारण ‘वाद’ असे नोंदले आहे, ३,७६१ चे वैर. आर्थिक लाभासाठीचे फक्त १,८८४. वादांत जमिनीचे आणि घरातले भांडण येते. सातबारावर डझनभर हिस्सेदारांची नावे असलेल्या कोकणाला बांध आणि वाटेची भांडणे समजावून सांगायला नकोत. सुदैवाने त्यांतली बहुतेक दिवाणी कोर्टातच म्हातारी होतात.

प्रत्येक हिंसक मृत्यू ‘खून’ या रकान्यात जातो, हेही खरे नाही. खून न ठरणारा सदोष मनुष्यवध वेगळा मोजतात आणि हुंडाबळीही वेगळे. २०२२ मध्ये असे ६,४५० हुंडाबळी नोंदले गेले. भारतीय दंड संहितेत यांची कलमे ३०२, ३०४ आणि ३०४-ब होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ती अनुक्रमे १०३, १०५ आणि ८० झाली आहेत.