खुंटीवरून उतरलेला पंप

जुलै उजाडतो, मका गुडघ्याला लागायच्या आतच पोंग्यात लष्करी अळीची विष्ठा दिसते आणि सिन्नर तालुक्यात घरोघरी पाठीवरच्या पेट्रोल पंपाची शोधाशोध सुरू होते. उन्हाळ कांद्याची शेवटची फवारणी झाली तेव्हापासून तो पडवीत खुंटीला लटकलेला असतो, नाहीतर खताच्या रिकाम्या गोण्यांखाली दबलेला. टाकीत तळाला थोडं पेट्रोल तसंच. दोरी ओढायची, ओढत राहायची. इंजिन एकदा ‘फट्’ करतं आणि गप्प. ही अळी २०१८ साली देशात आली आणि तेव्हापासून मक्याला फवारणी चुकलेली नाही. अळी लहान आहे तोवरच औषध लागू पडतं. मोठी होऊन पोंग्यात खोल शिरली की वरून कितीही फवारा, तिच्यापर्यंत पोचत नाही. नेमक्या त्याच दिवसांत पंप मिस्त्रीच्या दारात नंबर लावून पडलेला असतो.

इंजिन तसं एवढंसं. बहुतेक पंपांना २५ ते ३५ सीसीचं टू-स्ट्रोक बसवलेलं असतं. त्याला व्हॉल्व्ह नाहीत, तेलाची वेगळी टाकी नाही. पिस्टन वर जाताना खालच्या क्रँककेसमध्ये हवा-पेट्रोल ओढून घेतो आणि खाली येताना तेच वर सिलिंडरमध्ये ढकलतो. इंग्लंडातल्या बाथ गावच्या जोसेफ डे याने १८९१च्या सुमारास ही रचना बसवली. ती अजून फारशी बदललेली नाही. वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या टू-टी ऑइलमधून. कंपनीने १:२५ सांगितलं असेल तर लिटरला ४० मिली, १:५० असेल तर २०. हल्ली फोर-स्ट्रोक पंपही आले आहेत आणि शेजाऱ्याचा पंप मागून आणला की इथेच घोळ होतो. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल न मिसळलेलं कोरडं पेट्रोल गेलं तर काही वेळातच पिस्टन धरतो. मग दुरुस्ती ‘स्टार्ट होत नाही’ एवढ्यावर भागत नाही.

या इंजिनाची थोरली भावंडं बर्फात राहतात. काश्मीरच्या सहलीत गुलमर्गला जी स्नो-स्कूटर भाड्याने मिळते, ती मूळची कॅनडातल्या क्युबेक प्रांताची. तिथल्या व्हॅल्कूर गावच्या जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांचा लहान मुलगा १९३४च्या हिवाळ्यात दगावला. रस्ते बर्फाने बंद असल्याने त्याला दवाखान्यात नेता आलं नव्हतं. बर्फावर चालणाऱ्या गाडीची खटपट त्यांनी आधीपासूनच चालवली होती. १९३७ साली त्यांना दातेरी चाक आणि पट्ट्याच्या रचनेचं पेटंट मिळालं, आणि १९५९ साली ‘स्की-डू’ ही छोटी गाडी बाजारात आली. पुढे कित्येक वर्षं अशा गाड्यांना टू-स्ट्रोक इंजिन आणि ओढायची दोरी होती. तिकडे बर्फ वितळला की गाडी शेडमध्ये जाते आणि पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी बाहेर काढली की चालू होत नाही. हंगाम उलटे, हवामान उलटं, तक्रार मात्र शब्दाशब्दाने तीच.

सिन्नरच्या मिस्त्रीकडे पंप नेला की तो आधी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेत नाही. विचारतो, “भाऊ, पेट्रोल कधीचं?”

“मार्चातलं. पण थोडंच होतं, वर नवीन टाकलं.”

“मग जुन्यानं नवं बी नासलं.”

तो झाकण उघडून वास घेतो. ताज्या पेट्रोलचा वास नाकात चढतो. जुन्याला आंबूस, व्हार्निशसारखा वास येतो. पेट्रोलमधला चटकन पेट घेणारा हलका भाग आधी उडून जातो आणि उरलेल्याचा हवेशी संयोग होऊन चिकट राळ बनते. हे पूर्वीही व्हायचंच. आता त्यात इथेनॉलची भर पडली. फेब्रुवारी २०२३पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळायला लागलं आणि आता ते बहुतेक पंपांवर आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पावसाळी हवेत, अर्ध्या रिकाम्या टाकीत पाणी मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात; पेट्रोल आणि त्यातलं ऑइल वर राहतं. टाकीतली नळी खेचते तळातून. म्हणजे इंजिनाच्या वाट्याला येतं ते धड पेटत नाही आणि त्यात वंगणही नाही. गंमत अशी, की हे इथेनॉल उसाबरोबर मक्यापासूनही बनतं. ज्या मक्याला वाचवायला पंप काढला, त्याचाच अर्क कार्बोरेटरमध्ये पाणी धरून बसलेला.

म्हणून पहिलं काम टाकी पूर्ण रिकामी करणं. नवं पेट्रोल वर ओतून भागत नाही. नळीच्या टोकाला टाकीतच एक बारका फिल्टर असतो, तो काढून बघायचा. नळी कडक होऊन तडकली असेल तर बदलायची. टाकीच्या झाकणाला हवा आत जायला भोक असतं. ते बुजलं तर इंजिन सुरू होतं आणि मिनिटाभरात बंद पडतं, आणि लोक उगाच कार्बोरेटरवर घसरतात.

मग प्लग. पुष्कळसा निकाल इथेच लागतो. दोरी सात-आठ वेळा ओढून प्लग काढला आणि तो कोरडा निघाला तर पेट्रोल वरपर्यंत येतच नाही. ओला निघाला तर पेट्रोल येतंय, ठिणगी नाही. नाहीतर चोक लावून इतकी दोरी ओढलीय, की आत पूर आलाय. पूर आला असेल तर प्लग काढून, चोक उघडून, पंप उलटा धरून दोरी ओढायची. आतलं पेट्रोल भोकातून उडून जातं. ठिणगी बघायला प्लग टोपीत बसवून इंजिनाच्या पंख्यांना टेकवतात. तो प्लगच्या उघड्या भोकापासून लांब धरावा, एवढी अक्कल मात्र ठेवावी. तिथून पेट्रोलची वाफ येत असते. ठिणगी नसली तर आधी बंद करायचं बटण बघा. ते ‘बंद’वर ठेवून घाम गाळणारे दर हंगामात भेटतात. बटण बरोबर असेल तर फ्लायव्हीलचं झाकण काढायचं. ओलाव्याने लोहचुंबकावर आणि कॉइलच्या पायांवर गंज चढतो. बारीक पॉलिश पेपर फिरवला आणि दोघांतली फट पुन्हा नीट बसवली, की बऱ्याचदा ठिणगी परत येते.

कार्बोरेटर हे खरं दुखणं. त्यातल्या पितळी जेटचं भोक इतकं बारीक, की राळेचा एक थर बसला तरी ते बंद. मिस्त्री जेट काढून उजेडाकडे धरतो आणि एक डोळा मिटून बघतो. पलीकडे उजेडाचा ठिपका गोल दिसला तर ठीक. अर्धवट दिसला तर क्लीनर मारून फुंकायचं, नाहीतर वायरमधली तांब्याची एक तार घालायची. घरी हेच काम पोलादी पिनेने केलं जातं. भोक मोठं होतं आणि मग पंप पेट्रोल प्यायला लागतो. आतला रबरी पडदा कडक झाला असेल तर साफसफाईचा उपयोग नाही, तो बदलावाच लागतो. पुष्कळदा अख्खा कार्बोरेटरच बदलतात. माळेगाव आणि मुसळगावच्या औद्योगिक वसाहतींमुळे सिन्नरात लेथवर बुश काढून देणारा माणूस शोधावा लागत नाही, पण हातभर कौशल्य ज्या गावात आहे तिथेही हा बोटभर पडदा पाकिटातून आलेलाच घालावा लागतो.

पेट्रोल आहे, ठिणगी आहे, तरी इंजिन बोलत नाही, तेव्हा सायलेन्सर बघावा. कुंभारीण माशीला असं भोक फार आवडतं. ती त्यात मातीचं घर बांधते, आत अळ्या आणून ठेवते आणि तोंड लिंपून जाते. धूर बाहेर पडायला वाट नसली तर इंजिन काय चालणार? उंदीर एअर फिल्टरच्या डबीत गोणीचे धागे कातरून बिछाना करतात. शेवटची तपासणी अंगठ्याची: प्लगच्या भोकावर अंगठा दाबून दोरी ओढली की तो उडायला हवा. नाही उडाला तर रिंगा चिकटल्यात, आणि मग खर्चाची तयारी ठेवावी.

विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनाचा हंगाम याच्या उलट. ते पावसाळाभर झोपतं आणि रब्बीच्या पहिल्या पाण्याला लागतं. त्याची खोड बहुधा एकच, लाइनमध्ये हवा धरणं. फिल्टरचा आणि फ्युएल पंपाचा स्क्रू सैल करून बुडबुडे जाईपर्यंत डिझेल वाहू दिलं, की हँडल मारल्यावर ते उठतं. वीज आल्यापासून अशी इंजिनं कमीच उरली.

फवारणीच्या पेट्रोल पंपाच्या बाबतीत मला राग येतो तो विकणाऱ्यांचा. दुकानात दोरी कशी ओढायची ते हौसेने दाखवतात, माहितीपत्रक इंग्रजीत देतात आणि हंगाम संपल्यावर काय करायचं ते कुणी सांगत नाही. काम दहा मिनिटांचं आहे. टाकी रिकामी करायची, कार्बोरेटरखालच्या रबरी फुग्यातलं पेट्रोलही संपेल असं इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं. प्लग काढून आत चमचाभर टू-टी ऑइल सोडायचं, दोरी हळू दोन-तीनदा ओढायची, प्लग परत लावायचा. सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबायची, आणि ती जुलैत काढायची आठवण म्हणून दोरीच्या मुठीला दुसरी बांधायची. पडदा किंवा नळी बदलायची असेल तर पंप एप्रिलातच सिन्नरला न्यावा. तेव्हा मिस्त्री दुपारी सामान मांडून बसलेला असतो आणि नंबर लावावा लागत नाही.